गुंतागुंतीच्या बाळंतपणानंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीय मातांना सामुदायिक आरोग्य कार्यकर्तीचा आधार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नर्स, फार्मासिस्ट किंवा दुभाषे म्हणून काम करणारे मराठी वाचक, घरात कृष्णवर्णीय सून किंवा जावई असलेली कुटुंबे आणि महाराष्ट्रात आशा कार्यकर्त्यांबरोबर काम करणारी मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या बाळंतिणीला आत्ता त्रास होत असेल तर बाकीचे सोडून आधी प्रश्न ६ वाचावा.

१. सामुदायिक आरोग्य कार्यकर्ती म्हणजे नेमकी कोण? ती आपल्या आशा ताईंसारखीच असते का?

बरीचशी तशीच, पण पूर्णपणे नाही. ती डॉक्टर नसते आणि नर्सही नसते. ज्या वस्तीत ती काम करते त्याच वस्तीतली किंवा तशाच परिस्थितीतून आलेली ती असते, आणि तिची खरी पात्रता म्हणजे लोकांचा तिच्यावर असलेला विश्वास. प्रशिक्षण घेऊन ती घरभेटी देते, रक्तदाब मोजायला शिकवते, तपासणीच्या वेळा मिळवून देते आणि रुग्णालयाची भाषा घरच्यांना समजावते. औषध लिहून देणे किंवा निदान करणे हे तिचे काम नाही.

आशा ही २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी राहिलेली, गावाशी जोडलेली कार्यकर्ती आहे. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर तिने ४२ दिवसांत सहा घरभेटी द्याव्यात, असे वेळापत्रक तिच्यासाठी देशभर ठरलेले आहे. अमेरिकेत असे एकच वेळापत्रक नाही. तिथली कार्यकर्ती एखाद्या रुग्णालयाची, स्थानिक आरोग्य विभागाची किंवा स्वयंसेवी संस्थेची पगारी कर्मचारी असते, आणि तिच्या भेटी किती व्हाव्यात हे त्या त्या कार्यक्रमावर ठरते. गावातल्या बाईलाच शिकवून आरोग्यसेवेचा कणा करायचे, ही कल्पना जामखेडला १९७० पासून आणि पुढे गडचिरोलीत ज्यांनी पाहिली, त्यांना यातले मूळ तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

२. कृष्णवर्णीय मातांसाठी वेगळा विचार कशासाठी? सगळ्याच मातांना हा आधार का नको?

आधार सगळ्यांनाच हवा, परंतु धोका सगळ्यांना सारखा नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण १४.५ होते. २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत, हेच आकडे ६९.९ आणि २६.६ होते. म्हणजे दोन्ही आकडे खाली आले, पण दरी अडीचपटीवरून जवळजवळ साडेतीनपट झाली. परिस्थिती सुधारत असताना सुधारणा कोणाच्या दारापर्यंत पोहोचली आणि कोणाच्या नाही, हे या दोन वर्षांची तुलना केल्यावर लख्ख दिसते.

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे ३३ नोंदले गेले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर मानू नये. तरीही जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात एका समाजाच्या बाळंतिणी किती असुरक्षित आहेत, याचा अंदाज मराठी वाचकाला त्यावरून यावा.

३. याचे खरे कारण गरिबी आणि कमी शिक्षण हे नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. गरिबीने भर पडते, पण गरिबी वजा केली तरी दरी उरते. रोग नियंत्रण केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमधील गरोदरपणाशी निगडित मृत्यूंचे प्रमाण पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या ५.२ पट आढळले. शिक्षण वाढले तशी दरी कमी होण्याऐवजी रुंदावलेली दिसली.

डॉ. शॅलन अर्व्हिंग या स्वतः रोग नियंत्रण केंद्रात साथरोगतज्ज्ञ होत्या आणि आरोग्यातील विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. जानेवारी २०१७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर तीन आठवड्यांनी, उच्च रक्तदाबातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना सिझेरियननंतरच्या दिवशी धाप लागली. रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास असल्याने त्यांनी स्वतःच सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारे औषध मागितले, तेव्हा वेदनाशामक औषधामुळे त्या गोंधळल्या असाव्यात असा नर्सचा समज झाला. त्यांनी आग्रह सोडला नाही म्हणून स्कॅन झाला आणि फुप्फुसांतल्या गुठळ्या सापडल्या. विद्या, पैसा, कीर्ती हे सारे असूनही स्वतःच्या शरीराविषयीचे बोलणे खरे मानून घेण्यासाठी झगडावे लागते, ही यातली मूळ गोष्ट आहे. तिच्या जोडीला आयुष्यभर भोगलेल्या भेदभावाचा ताण शरीर अकाली झिजवतो, अशी मांडणी संशोधक आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ पासून केली आहे.

४. बाळ सुखरूप झाले, आई घरी आली. मग धोका टळला असे का म्हणायचे नाही?

कारण निम्म्याहून अधिक मृत्यू त्यानंतर होतात. २०१७ ते २०१९ या काळातील अमेरिकेतल्या मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या समित्यांनी पाहिले तेव्हा गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी ५३ टक्के हे प्रसूतीनंतरच्या सातव्या दिवसापासून वर्षभराच्या काळातले निघाले. एकूण मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्याजोगे होते, असाही त्या समित्यांचा निष्कर्ष आहे.

वैद्यकीय कारणे समजून घ्यावीत. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असेल तर तो बाळंतपणाबरोबर उतरेलच असे नाही. साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत, म्हणजे आई घरी पोहोचल्यावर, तो पुन्हा चढतो. प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणाशी निगडित उच्च रक्तदाबाचा गंभीर आजार, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत प्रथमच उद्भवू शकतो. हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा एक आजार बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत दिसू शकतो, आणि त्याची धाप, सूज, थकवा ही लक्षणे ‘बाळंतिणीला एवढे व्हायचेच’ म्हणून अंगावर काढली जातात. मधुमेह, जास्त रक्तस्राव, सिझेरियननंतरचा जंतुसंसर्ग, दिवस भरण्याआधी झालेले बाळंतपण या साऱ्या गोष्टी ‘गुंतागुंत’ या शब्दात येतात, आणि त्या प्रत्येकीचा पाठपुरावा वेगळा असतो.

५. कार्यकर्ती घरी येऊन नेमके काय करते?

सुटी होताना मिळालेले कागद ती आईबरोबर बसून वाचते. कोणते औषध कधी घ्यायचे, कोणते बंद झाले, पुढची तपासणी कोणत्या तारखेला आहे, आणि तिथे जायला गाडी आहे का, हे ती विचारते. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, असलेल्या रुग्णांना तपासणीला नेण्या-आणण्याची सोय मिळू शकते, पण ती आधी मागावी लागते. अशी मागणी वेळेत पोहोचवणे हे तिचे काम. प्रीएक्लाम्प्सिया झालेल्या आईचा रक्तदाब ७ ते १० दिवसांच्या आत, आणि तो फार वाढलेला असेल तर ७२ तासांच्या आत तपासला जावा, अशी अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. गरोदरपणी मधुमेह झाला असेल तर ४ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन साखर तपासायची असते. बाळाच्या धावपळीत ही तपासणी हमखास राहून जाते.

रक्तदाब मोजणे ही वरवर साधी वाटणारी गोष्ट घ्या. आईने पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला टेका असावा, पावले जमिनीवर टेकलेली असावीत, पाय एकमेकांवर नसावेत, दंड हृदयाच्या पातळीवर उशीवर ठेवलेला असावा आणि मोजताना बोलू नये. दंडाचा पट्टा लहान पडत असेल तर आकडा खोटा वाढतो. म्हणून कार्यकर्ती दंडाचा घेर टेपने मोजते आणि पट्टा बदलून मागते. ती आकडा वहीत लिहायला लावते, आणि कोणत्या आकड्याला कोणाला फोन करायचा तो क्रमांक त्याच पानावर वर लिहून ठेवते.

फिलाडेल्फियातील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एका चाचणीत बाळंतिणींना घरी यंत्र देऊन आकडा मोबाइलवर संदेशाने कळवायला सांगितले. दवाखान्यात बोलावण्याच्या पद्धतीत पहिल्या १० दिवसांत कृष्णवर्णीय मातांपैकी ३३ टक्क्यांचाच रक्तदाब नोंदला गेला होता आणि इतरांपैकी ७० टक्क्यांचा. संदेशाच्या पद्धतीत ही प्रमाणे अनुक्रमे ९३ आणि ९१ झाली. ‘या बायका तपासणीला येतच नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. बाळाला घेऊन, टाके ओले असताना, दोन बस बदलून यावे लागते ही अडचण काढून टाकली की दरी मिटली.

६. कोणती लक्षणे दिसली तर कार्यकर्तीची वाट न पाहता मदत घ्यावी?

छातीत दुखणे, श्वास घ्यायला त्रास होणे, झटके येणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येणे: यांपैकी काहीही झाले तर लगेच ९११ या अमेरिकेतील आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करावा. तासाभरात एक किंवा अधिक पॅड भिजतील इतका रक्तस्राव किंवा अंड्याएवढ्या गुठळ्या पडणे, एका पायाला सूज व दुखणे, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, औषधाने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, आणि बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणे, यांपैकी काही दिसले तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा. फोन लागला नाही तर आपत्कालीन विभाग गाठावा. रक्तदाब १६० वर ११० किंवा यांपैकी कोणताही एक आकडा इतका वा त्याहून वर गेला तर ती आणीबाणी समजावी. इतका रक्तदाब पुन्हा मोजून तसाच राहिल्यास ३० ते ६० मिनिटांत औषध सुरू व्हावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे.

कृष्णवर्णीय मातांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. काळ्या त्वचेवर जखमेभोवतीची लाली सहज दिसत नाही. त्यामुळे टाक्यांजवळचा गरमपणा, कडकपणा, दुखणे आणि स्राव यांकडे लक्ष द्यावे. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र काळ्या त्वचेवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हे २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले आहे. धाप लागत असताना यंत्रावरचा आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नये.

७. आपत्कालीन विभागात ऐकूनच घेतले नाही तर काय करायचे?

पहिले वाक्य महत्त्वाचे असते. गेल्या वर्षभरात बाळंतपण झाले आहे हे न विचारता आधी सांगावे, कारण तिथल्या डॉक्टरांसमोर बसलेली स्त्री बाळंतीण आहे हे त्यांना दिसत नाही. उदाहरणार्थ: “मला बारा दिवसांपूर्वी बाळ झाले. गरोदरपणात माझा रक्तदाब वाढला होता. तासाभरापूर्वी घरी तो १६४ वर १०८ होता आणि डोके ठणकते आहे.” यात तक्रार, पूर्वेतिहास आणि आकडा तिन्ही आले. कार्यकर्ती हे बोलणे आईकडून आधी म्हणवून घेते, आणि शक्य असेल तेव्हा स्वतः सोबत जाते किंवा फोनवर राहते.

तरीही ‘घरी जाऊन विश्रांती घ्या’ असे सांगितले गेले तर पाळीच्या प्रमुख नर्सला किंवा रुग्णांची बाजू मांडणाऱ्या रुग्णालयातील प्रतिनिधीला बोलावण्याची विनंती करावी. मागितलेली तपासणी नाकारली जात असेल तर नकार आणि त्याचे कारण नोंदीत लिहावे, असे शांतपणे म्हणावे. रोग नियंत्रण केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘हिअर हर’ या मोहिमेचा आग्रहही हाच आहे की बाईचे म्हणणे ऐकून घ्या. मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. आईला नीट बोलायला शिकवणे हा तात्पुरता उपाय आहे. ऐकून घेण्याची जबाबदारी रुग्णालयाचीच आहे, आणि कार्यकर्ती नेमली म्हणून ती संपत नाही.

८. डूला आणि कार्यकर्ती यांत फरक काय?

डूला म्हणजे बाळंतपणात आधार देणारी प्रशिक्षित सोबतीण. ती प्रामुख्याने गरोदरपण, प्रसववेदना आणि त्यानंतरचे काही आठवडे आईसोबत असते. कार्यकर्तीचा भर घर, विमा, अन्न, औषधे आणि तपासण्या यांवर असतो व तिची साथ जास्त काळ चालते. दोघी असतील तर उत्तमच.

९. याचा खर्च कोण करते, आणि अशी कार्यकर्ती मिळते कुठे?

आईला सहसा काहीही द्यावे लागत नाही. अमेरिकेतील सुमारे ४० टक्के बाळंतपणांचा खर्च मेडिकेड उचलते, आणि कृष्णवर्णीय मातांमध्ये हे प्रमाण आणखी मोठे आहे. पूर्वी गरोदरपणामुळे मिळालेले हे संरक्षण बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपत असे. प्रश्न ४ मधील आकडे पाहिले तर ही मुदत किती अपुरी होती हे कळते. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ती १२ महिन्यांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. कार्यकर्तीच्या सेवेचे पैसे मेडिकेडमधून मिळतात की नाही हे राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियाने ही तरतूद १ जुलै २०२२ पासून केली आहे.

शोध सुरू करायचा तर रुग्णालयातील समाजसेवा विभागाला सुटीच्या आधीच विचारावे. १९९१ पासून चालू असलेला ‘हेल्दी स्टार्ट’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम बालमृत्यूचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत बाळ १८ महिन्यांचे होईपर्यंत कुटुंबाला साथ देतो. २११ या क्रमांकावर स्थानिक सेवांची माहिती मिळते.

१०. बाळ गेले, तर आईची मदत थांबते का?

थांबू नये, आणि मेडिकेडचे बाळंतपणानंतरचे संरक्षणही त्यामुळे बंद होत नाही. कृष्णवर्णीय मातांमध्ये मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण गोऱ्या मातांच्या सुमारे दुप्पट आहे, त्यामुळे हा प्रश्न अपवादाचा मानून चालत नाही. बाळ नसलेल्या घरात चौकशीला कोणी येत नाही. पण तिचा रक्तदाब तसाच वाढतो, टाके तसेच दुखतात आणि तिला दूधही येते. स्त्रिया, अर्भके व बालके यांच्यासाठीचा सरकारी पोषण कार्यक्रम अशा आईला सहा महिन्यांपर्यंत मदत देऊ शकतो. चांगली कार्यकर्ती अशा वेळी बाळाच्या तपासणीची आठवण करून देणारे रुग्णालयाचे आपोआप जाणारे संदेश आधी बंद करून घेते.

११. आई सतत रडते किंवा गप्प असते. हे कार्यकर्तीला सांगावे का?

अवश्य सांगावे. प्रश्न ४ मध्ये उल्लेख केलेल्या आढाव्यात मानसिक आजार हे मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण निघाले. कृष्णवर्णीय मातांमध्ये हृदयविकार त्याहून पुढे होते. कार्यकर्ती नैराश्य ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली भरून घेते. अतिदक्षता विभागात बाळ सोडून घरी आलेल्या किंवा मरणाच्या दारातून परतलेल्या आईला ती घटना पुन्हा पुन्हा आठवून झोप लागत नसेल, तर तेही सांगावे. मातांच्या मानसिक आरोग्यासाठी १-८३३-८५२-६२६२ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते व तिथे दुभाष्याची सोय आहे. आत्महत्येचे विचार असतील तर ९८८ किंवा ९११.

१२. घरात परके माणूस आले तर मुले काढून नेतील, अशी भीती वाटते. ती खरी आहे का?

ही भीती निराधार म्हणून झटकू नये. २०१७ च्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार अठरा वर्षांचे होईपर्यंत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय मुलांच्या कुटुंबाची बालसंरक्षण यंत्रणेकडून कधी ना कधी चौकशी होते. त्यामागे टस्कीगीचा चाळीस वर्षांचा प्रयोग, ज्यात कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत राहिले गेले, आणि त्याआधीपासूनचा वैद्यकीय अन्यायाचा इतिहास आहे. नैराश्य असणे किंवा घरात दूध कमी पडणे म्हणजे मुलांची हेळसांड नव्हे, पण हा फरक प्रत्येक अधिकारी पाळतोच असे नाही.

मुलाच्या जिवाला धोका दिसल्यास कळवणे कार्यकर्तीवर कायद्याने बंधनकारक असू शकते, आणि हे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. म्हणून पहिल्याच भेटीत तिला सरळ विचारावे: “तुम्हाला कोणत्या गोष्टी वर कळवाव्या लागतात, आणि कळवण्याआधी मला सांगाल का?” जी मोकळेपणाने उत्तर देते तिच्यावर विश्वास ठेवता येतो. भेट घराबाहेर, ग्रंथालयात किंवा दवाखान्यात ठरवण्याचाही आईला अधिकार असावा. सरसकट ‘घाबरू नका’ असे सांगणारी कार्यकर्ती मला अपुरी वाटते.

१३. कार्यकर्ती कृष्णवर्णीयच असायला हवी का? मी मराठी नर्स आहे. मी काय करू शकते?

त्याच समाजातली कार्यकर्ती असेल तर आईला बऱ्याच गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, म्हणून शक्य तिथे तीच असावी. तिला पुरेसा पगार आणि रुग्णालयाच्या बैठकीत जागा असावी, हे त्याहून महत्त्वाचे आहे. मराठी नर्सने तिचे काम आपल्याकडे घेऊ नये. तिने केलेला फोन उचलावा, तिने कळवलेला आकडा डॉक्टरांपर्यंत तातडीने न्यावा, आणि ‘या बायकांना वेदना कमी होतात’ यांसारखे समज सहकाऱ्यांच्या तोंडी आले तर तिथल्या तिथे खोडून काढावेत.

१४. आई बाळाला घेऊन दुसऱ्या राज्यात आपल्या आईकडे गेली तर मदत चालू राहते का?

इथे गफलत हमखास होते. बाळंतपणानंतर माहेरचा आधार घेणे कृष्णवर्णीय कुटुंबांतही नवे नाही, पण मेडिकेड राज्याचे असते आणि राज्याबाहेर ते साधारणपणे आणीबाणीपुरतेच चालते. थोड्या दिवसांसाठी जायचे असेल तर फोनवरून पाठपुरावा कसा होईल हे निघण्याआधी कार्यकर्तीशी ठरवावे. कायमचे जायचे असेल तर नव्या राज्यात लगेच अर्ज करावा आणि जुन्या कार्यकर्तीने तिथल्या कार्यक्रमाशी स्वतः बोलून आईला जोडून द्यावे. नुसता फोन क्रमांक देऊन भागत नाही. सोबत सुटीचा कागद, औषधांची यादी, रक्तदाबाची वही आणि योग्य मापाच्या पट्ट्यासह यंत्र असावे, आणि तिकडच्या जवळच्या प्रसूती विभाग असलेल्या रुग्णालयाचा पत्ता आजीजवळही लिहून ठेवलेला असावा.